राबाची भाजणी आणि जंगलचा कायदा

शेतकऱ्याचें नवें वर्ष मृगाच्या पावसानें सुरू होतें, असें आपण शहरांत राहणारीं माणसें समजतों. पुस्तकांतहि तसेंच छापलेलें असतें, व मुलांकडून तें आम्हीं शिक्षकांनीं वर्षानुवर्षें पाठ करून घेतलें आहे. परंतु जव्हार आणि इगतपुरी यांच्या मधल्या डोंगराळ मुलुखांत, मोखाडा तालुक्यांतील खोडाळ्यासारख्या गांवीं, हें वर्ष थंडींतच सुरू होतें. पाऊस पडण्यापूर्वीं चार-पांच महिने तेथील वारली, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबें पुढील हंगामाच्या वाफ्याची तयारी आरंभितात. या तयारीचें नांव राब. आज मला बोलावयाचें आहे तें या राबाविषयीं, आणि त्यावरून एके काळीं सरकार व रयत यांच्यांत जो झगडा झाला त्याविषयीं.

आधीं राब म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. नागली, वरई आणि भात हीं येथलीं मुख्य पिकें. त्यांचें बीं एका लहानशा तुकड्यांत दाट पेरतात आणि रोपें हाताएवढीं झालीं कीं उपटून मोठ्या शेतांत लावतात. या लावणीला त्या बाजूस आवणी म्हणतात. बीं पेरावयाचा तो तुकडा आधीं भाजून काढावयाचा. त्यासाठीं खालीं शेणाचा थर पसरतात. त्यावर झाडांचा टाहाळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या बारीक फांद्या. त्यावर वाळलेला पालापाचोळा आणि गवत. आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर. टाहाळांत ऐनाचा टाहाळ उत्तम समजतात. फाल्गुन-चैत्रापासून वैशाखापर्यंत, उन्हानें हें सर्व कडकडीत वाळलें कीं, त्याला विस्तव लावतात. पण तो वारा येतो त्या बाजूनें नव्हे, तर वारा जातो त्या बाजूनें. म्हणजे ज्वाळा वाऱ्याच्या उलट सरकते, भडकत नाहीं, आणि धग हळूहळू जमिनींत मुरते. वरच्या मातीचें कामहि हेंच. ज्याला नुसती राखच पाहिजे, त्यानें इतकी यातायात कशाला केली असती? हा प्रश्न मनांत ठेवावा. पुढें त्याचें उत्तर येणार आहे.

या मुलुखांत वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उतारावरची माती पातळ. पहिल्या सरीबरोबर तणहि पिकाइतक्याच जोमानें उठतें. अशा ठिकाणीं रोप लवकर वाढलें नाहीं तर आवणी लांबते, आणि आवणी लांबली कीं वर्षाचें अन्न गेलें. भाजलेल्या वाफ्यांत तणाचें बीं मेलेलें असतें, माती भुसभुशीत असते, रोप मुळासकट अलगद उपटतां येतें. ज्याच्या घरांत पुढच्या पिकापर्यंत पुरेल एवढी नागली नाहीं, त्याला या पंधरवड्याची किंमत सांगावी लागत नाहीं.

आतां झगड्याकडे वळूं. जव्हार संस्थानांत मुकणे घराण्याचें राज्य १९४८ सालापर्यंत होतें. मोखाड्याचा पेटा मात्र ब्रिटिश अमलाखालील ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्याकडे मोडे. तेव्हां मुंबई सरकारचे जंगलविषयक नियम तेथें थेट येऊन पोंचले. थळ घाटांतून आगगाडी १८६५ सालीं वर चढली. रुळांखालीं लाकूड, मुंबईंत घरांना लाकूड, सर्पणाला लाकूड, अशी मागणी वाढत गेली आणि जंगल ही मोलाची मालमत्ता झाली. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगल ठरविण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि राखीव जंगलांत विनापरवाना फांदी तोडणें हा गुन्हा झाला.

जंगल खात्याची बाजूहि ऐकली पाहिजे. दरवर्षीं शेंडे छाटलेलीं ऐनाचीं खुरटलेलीं झाडें ज्यानें पाहिलीं असतील त्याला त्या अधिकाऱ्यांचा संताप अगदींच अनाठायीं वाटणार नाहीं. डोंगर उघडे पडले कीं माती वाहून जाते, हें त्यांचें म्हणणें खरेंच होतें. चूक झाली ती दुसरीकडे. राब ही अडाणी लोकांची खोड आहे, ती सोडविली म्हणजे काम भागलें, असें त्यांतील पुष्कळांनीं गृहीत धरलें. टाहाळ, चराई, सर्पण या सर्वांवर एकदम बंधन आल्यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत ओरड झाली. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगल खात्यावर कडक टीका आहे, ती याच काळांतील. शेवटीं १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. राबासाठीं टाहाळ घेण्याची सवलत पुढेंहि नियमांच्या चौकटींत कां होईना चालू राहिली.

येथें एक तुलना मनांत येते. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठीं दुसरें एक कमिशन नेमलें. त्यानें १,१९३ साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, परवाना व कर असावा, असा अभिप्राय दिला. आपल्या इलाख्यांत गांजाचें पीक मुख्यतः नगर जिल्ह्यांत होई. त्या पिकावर पाहरा होता, पण त्या शेतकऱ्याच्या मशागतीला अडाणीपणा कोणी म्हटलें नाहीं. पिकापासून उत्पन्न मिळत होतें ना! नागलीपासून खजिन्यांत पडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें.

राबाचा शास्त्रीय विचार त्यानंतर झाला. विलायतेहून आलेले शेतकी-रसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत राबाची दखल घेतली. परंतु खरें काम पुण्यास झालें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनीं १९१२ सालीं भातशेतींतील राबावर एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. राखेंतलें खत हेंच राबाचें सगळें रहस्य नाहीं, जमिनीला मिळणाऱ्या उष्णतेचा त्यांत मोठा वांटा आहे, तापलेल्या मातींतलीं द्रव्यें रोपाला अधिक सुलभ होतात, असें त्यांना आढळलें. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन हे याच सुमारास माती तापवून असेच प्रयोग करीत होते. मघांचें उत्तर तें हें. विस्तव वाऱ्याच्या उलट सरकवावा, वर माती घालून धग दाबावी, हें ज्या कोळ्या-वारल्यांनीं ठरविलें त्यांना राख नव्हे, ऊबच हवी होती. फक्त तें सांगावयास त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. कमिशनच्या अहवालानंतर पंचवीस वर्षांनीं हें समजलें, ही मात्र दुःखाची गोष्ट.

१९७६ सालीं इस्राएलांतील कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून, केवळ उन्हानें ती तापवून रोगजंतूंचा नाश करण्याची रीत प्रसिद्ध केली. तींत लाकूड लागत नाहीं. आपल्याकडे भातासाठीं नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत वाफ्यांत तुसाची काळी राख घालावयास सांगितलें आहे. तींतहि झाड तोडावें लागत नाहीं. या सुधारणा चांगल्याच आहेत. परंतु प्लॅस्टिक विकत घ्यावें लागतें. आणि तूस मिळतो तो भाताचा, नागली-वरईच्या डोंगरावर तो आणावयाचा कोठून? शेण घरचें असतें, पाचोळा वाऱ्यानें दाराशीं येतो. म्हणून मोखाड्याच्या डोंगरांत चैत्र-वैशाखांत राबाचा धूर अद्याप दिसतो. आतां २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगण्याची सोय झाली आहे, व ऐनाचा टाहाळ किती आणि कोठून घ्यावा हें ग्रामसभेंत ठरूं शकतें.