फोटो हलका कसा झाला?

बारामती-इंदापूरच्या आपल्या गावांत फोटो आता नुसता आठवणीसाठी काढला जात नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो सरकारकडे पाठवायची वेळ आली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जासाठी कागदपत्रांचे फोटो चढवले. गटाच्या पापड-लोणच्यांचे फोटो तर रोजच जातात. आणि रेंज कमी असली की स्क्रीनवरचं ते गोल चाक फिरतच राहतं. हा भार हलका करायची विद्या कुठून आली, ते आज पाहू.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमाने ते टेलिफोनच्या तारेवरून दिलं. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या मोबाइलचा ४ एमबीचा एक फोटो त्या तारेतून यायला जवळपास तास लागला असता!

पण यावरचा उपाय वीस वर्षं आधीच सापडला होता. तो शोधणारे नासिर अहमद बंगळुरूचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत या संशोधनासाठी सरकारी निधी मागितला. तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी वाटली म्हणे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच गणितावर १९९२ मध्ये जेपीईजी ही पद्धत ठरली. फोटोच्या नावापुढे ‘जेपीजी’ दिसतं, ते हेच.

हे गणित काय करतं? आपण सुपात धान्य पाखडतो, तसंच. फोटोचे बारीक चौकोन पाडले जातात. प्रत्येकात ८ गुणिले ८, म्हणजे ६४ ठिपके. त्यातलं डोळ्यांना ठळक दिसणारं ते दाणे. डोळ्यांना जाणवतही नाहीत असे बारीक फरक म्हणजे फोलपट. दाणे ठेवायचे, फोलपट उडवायचं. पुढे २०१० मध्ये गूगलने वेबपी आणलं, त्यात फोटो आणखी लहान होतो.

आता हिशेब करा. गटाच्या वेबसाइटवर ४ एमबीचे दहा फोटो टाकले, तर पान उघडणाऱ्या बाईचा ४० एमबी डेटा जातो. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले, तर फक्त २ एमबी. मोबाइलवर डाळिंबाचा दाणा तितकाच लाल दिसतो. जड फोटो आपण टाकतो, पण त्याचे पैसे समोरचीच्या रिचार्जमधून जातात. पान उघडेपर्यंत ती थांबली नाही, तर आपली ऑर्डरही जाते.

म्हणून आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करा, मग दर्जा थोडा उतरवा. मूळ फोटो मात्र जपून ठेवा. तोच तोच फोटो पुन्हा पुन्हा बारीक केला, तर फोलपटाबरोबर दाणेही उडतात. आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो लहान केल्यावर मोठा करून बघा. प्रत्येक आकडा वाचता आला, तरच पाठवा.