मुंबई ते नागपूर अंतर किती? विमानाने आणि रस्त्याने किती वेळ लागतो?

मुंबई ही राज्याची राजधानी, तर नागपूर ही उपराजधानी. नोकरी, शिक्षण, उपचार किंवा हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने या दोन शहरांमध्ये रोज हजारो लोक ये-जा करतात. "समृद्धीने आठ तासांत नागपूर" हे आपण नेहमी ऐकतो. पण घरातून निघून घरी पोहोचेपर्यंत खरंच किती वेळ लागतो? चला, जाणून घेऊया.

विमानाने अंतर आणि वेळ

दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किमी आहे. थेट विमानाला साधारण दीड तास लागतो. मात्र विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे लागते. मुंबईत घरापासून विमानतळापर्यंत एक तास आणि नागपुरात उतरल्यावर सामान घेऊन घरी जायला पाऊण तास धरला, तर एकूण प्रवास सव्वापाच तासांचा होतो.

रस्त्याने अंतर आणि वेळ

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी आहे. तो १० जिल्ह्यांतून जातो आणि टप्प्याटप्प्याने सुरू झाला:

- नागपूर ते शिर्डी (५२० किमी): डिसेंबर २०२२
- शिर्डी ते भरवीर (८० किमी): मे २०२३
- भरवीर ते इगतपुरी (२५ किमी): मार्च २०२४
- इगतपुरी ते आमणे (७६ किमी): जून २०२५

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा महामार्ग मुंबईत नाही, तर भिवंडी तालुक्यातील आमणे येथे सुरू होतो. दक्षिण मुंबईपासून तिथे जायला साठएक किलोमीटर अंतर पडते आणि वाहतूक असेल तर दीड-दोन तास सहज जातात. म्हणजे एकूण अंतर सुमारे ७६० किमी होते. महामार्गाचे आठ तास, शहरातून बाहेर पडण्याचा वेळ आणि तासाभराची विश्रांती मिळून साडेदहा ते अकरा तास धरून चला.

आठ तासांचा हट्ट का नको?

कारसाठी वेगमर्यादा सपाट भागात ताशी १२० किमी आणि घाटात १०० किमी आहे. आठ तासांत ७०१ किमी म्हणजे ताशी सरासरी ८८ किमी, तेही न थांबता. रस्ता सरळ आणि एकसुरी असल्याने चालकाला नकळत डुलकी लागू शकते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला होता. म्हणून निघण्यापूर्वी टायरची स्थिती व हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा आणि शक्यतो रात्री उशिरा गाडी चालवू नका. दुचाकी आणि रिक्षांना या मार्गावर परवानगी नाही.

मग कोणता पर्याय निवडावा?

एकट्याला तातडीने जायचे असेल, तर विमान सोयीचे. त्यात पाच-साडेपाच तास वाचतात. चौघांचे कुटुंब, जास्त सामान किंवा वाटेत शिर्डी, जालना, वाशीम अशा ठिकाणी काम असेल, तर कार परवडते. चालवणारा एकटाच असेल, तर वाटेत एक मुक्काम करणे उत्तम.