वहाणेवरची नक्षी आणि कल्याणचा जोडा

सुटीच्या दिवसांत शहरांतील घरोघरीं हल्लीं एक नवें काम चाललेलें दिसतें. दोघी मैत्रिणी कॅनव्हासचे कोरे पांढरे जोडे पुढें घेऊन बसतात. एक पेन्सिलीनें वेल काढते, दुसरी तींत रंग भरते, आणि उजव्या पायावरचें फूल डाव्यावर उतरवितांना दोघींचें थोडें भांडणही होतें. वडील माणसें हंसतात. पायांत घालून धुळींतून फिरवावयाच्या वस्तूवर एवढे श्रम कशासाठीं, असें त्यांना वाटतें. या शंकेचें उत्तर धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वसीमेपलीकडे आठशें वर्षांपूर्वीं देऊन ठेवलेलें आहे. आणि तें देणाऱ्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

कॅनव्हासचा जोडा अर्वाचीन आहे. जाड कापडाला रबराचा तळ लावण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत निघाली; इकडे बाटा कंपनीचा कारखाना १९३२ सालीं कलकत्त्याजवळ कोन्नगर येथें सुरू झाला. जोडा नवा असला तरी दोघांनीं बसून साध्या पादत्राणाला शोभा आणावी ही चाल मात्र या देशास नवी नाहीं.

मराठींत ‘जोडा’ हा शब्द पादत्राणांनाही लागतो आणि पतिपत्नींनाही. चर्मकाराच्या ओसरीवर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कोल्हापुरी म्हणून प्रसिद्ध असलेली चपलच घ्यावी. कातडें कमावण्याची जुनी रीत अशी कीं, त्याचीच पिशवी शिवून ती टांगावयाची, तींत बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा अर्क भरावयाचा, आणि तो झिरपतां झिरपतां कातडें पिकूं द्यावयाचें. तळाला म्हशीचें जाड कातडें, वरच्या कामाला शेळीचें मऊ. खिळा एकही नाहीं. सारी शिवण चामड्याच्या वादीची. तळ कापणें, ठोकणें, शिवणें हें बहुधा पुरुषाचें काम. पट्ट्यावर बसणारी बारीक वेणी, जरीची रेघ, लाल गोंडा हें काम घरांतील स्त्रियांचें. गिऱ्हाईक दुकानापुढें थांबतें तें या वेणीकडे पाहून. कारागीर म्हणून नांव मात्र पुरुषाचें घेतलें जातें. हा अन्याय जुनाच आहे.

२०१९ सालीं या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर, आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे त्यांत आहेत. सोलापूरचा सख्खा शेजारी धाराशिव त्यांत नाहीं. २०२५ च्या जून महिन्यांत प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथें तशाच घडणीची चपल मांडली, तेव्हां मूळ कारागिरांचा उल्लेखही केलेला नव्हता. महाराष्ट्रांत ओरड झाल्यावर पेढीनें तिची प्रेरणा भारतीय हस्तकलेंतून आल्याचें मान्य केलें. करणाऱ्या हाताला मान द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न असा अजून सुटलेला नाहीं. बाराव्या शतकांत तो याहून फार कठोर रीतीनें पुढें आला होता, आणि त्याचें निमित्तही एक जोडाच होता.

उमरगें सोडून पूर्वेस गेलें कीं कर्नाटकाची हद्द लागते, आणि थोड्याच अंतरावर बसवकल्याण येतें. आज मध्यें राज्याची सीमा असली तरी १९५६ पर्यंत धाराशिव व कल्याण हे दोन्ही मुलूख एकाच हैदराबाद राज्यांत होते, आणि त्याहून फार पूर्वीं दोन्हींवर कल्याणच्या चालुक्यांचें छत्र होतें. सहाव्या विक्रमादित्याच्या पदरीं असतांना विज्ञानेश्वरानें ‘मिताक्षरा’ रचली ती याच नगरांत. कोणत्या वर्णाचा विवाह कोणाशीं व्हावा, याचा काटेकोर विचार त्या ग्रंथांत आहे. तो लिहून पुरतें शतकही लोटलें नाहीं तोंच याच नगरांत ती चौकट मोडणारे लोक उभे राहिले.

चालुक्यांचें राज्य कलचुरी बिज्जळानें बळकावलें होतें आणि बसवेश्वर त्याचे भांडारी होते. परंपरा सांगते कीं, हरळय्या नांवाच्या चर्मकारानें एकदां वाटेंत त्यांना ‘शरणु’ म्हणून नमस्कार केला. बसवेश्वरांनीं उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटलें. एका नमस्काराला दोन परत आले! हें ऋण कसें फेडावें या चिंतेनें हरळय्या घरीं गेला. त्यानें आपल्या मांडीचें कातडें काढलें, पत्नी कल्याणम्मेनें आपल्या मांडीचें दिलें, आणि दोघांनीं मिळून त्याचा जोडा शिवला. बसवेश्वरांनीं तो पायांत घातला नाहीं, मस्तकावर घेतला. ज्या वस्तूला उंबरठ्याआंत जागा नाहीं ती मस्तकावर चढली, हें त्या काळच्या लोकांना केवढें विपरीत वाटलें असेल!

कथा अक्षरशः खरी मानावी असें नाहीं. परंतु पुढें जें घडलें त्याचा धागा इतिहासाला लागतो. मधुवरस हा ब्राह्मण अधिकारी शरणांच्या मंडळींत आला, आणि त्याचा व हरळय्याचा स्नेह जमला. हरळय्याचा मुलगा शीलवंत व मधुवरसाची मुलगी लावण्यवती यांचा विवाह ठरला. धर्ममार्तंडांनीं बिज्जळाकडे धांव घेतली. पाल्कुरिकि सोमनाथाच्या तेलुगु बसवपुराणांत या दोघां स्नेह्यांचे डोळे काढविल्याचें आहे. विवाहाचा प्रसंग नंतरच्या ग्रंथांत ठळक होतो, आणि त्यांत दोघांना हत्तीच्या पायीं बांधून फरफटत नेल्याची हकीकत येते. शिक्षेविषयीं ग्रंथांत असा भेद आहे. पण चर्मकार व ब्राह्मण या दोघांना ती एकत्र भोगावी लागली, याविषयीं नाहीं. नगरांत दंगल उसळली, ११६७ च्या सुमारास बिज्जळ मारला गेला, आणि शरण चोहोंकडे पांगले.

त्या पांगलेल्यांत कातडीं कमावणारा कक्कय्या होता. कातडें कमावून देणारा एक आणि शिवणारा दुसरा, अशी या धंद्याची जुनी वांटणी आहे. शरणांच्या मंडळींत या दोघांही कारागिरांचीं नांवें राहिलीं. पाठलाग करणाऱ्या फौजेशीं लढतांना कक्कय्याला मरण आलें, असें परंपरा मानते. सोलापूर, धाराशिव व लातूर या भागांतील कातडीं कमावणारीं कुटुंबें आजही आपल्या समाजाला ढोर कक्कय म्हणवितात, आणि मुंबईंत धारावीस चामड्याच्या धंद्यासाठीं गेलेल्यांनींही तें नांव आपल्याबरोबर नेलें.