कोरडवाहू शेती, कुरकुंभ परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, मुख्यतः दौंड व शिरूर तालुक्यांत, जमिनीत मुरलेल्या पावसाच्या ओलीवर केली जाणारी शेती. दौंडच्या दक्षिणेस पुणे-सोलापूर मार्गावरील कुरकुंभ हे गाव फिरंगाई देवीचे स्थान व औद्योगिक वसाहत यांमुळे परिचित आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पर्जन्यमान सरासरी ५०० मिमी.च्या आसपास असले, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने सरासरीपेक्षा पावसाच्या वाटणीला अधिक महत्त्व आहे. आरंभी थोडा पाऊस, मध्यंतरी दीर्घ ओढ व उत्तरा-हस्त नक्षत्रांवर जोराच्या सरी, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

या क्रमाशी जुळवून घेणारी पीकपद्धती येथे पूर्वीपासून रूढ आहे. माळावरील मुरमाड, बरड जमिनीत बाजरी, मटकी व हुलगा घेतात. ओढ्याकाठच्या व भीमेकडील खोल काळ्या जमिनी पावसाळ्यात पड ठेवून तीत रब्बी ज्वारी पेरतात. पड म्हणजे आळस, असा समज काही जुन्या अधिकाऱ्यांचा होता. तो बरोबर नाही. कुळवाच्या पाळ्या देऊन तण काढलेले रान पावसाळाभर ओल साठवीत असते आणि ज्वारी त्या साठ्यावर माघ-फाल्गुनापर्यंत तग धरते. धान्य कमी आले, तरी कडब्यावर जनावरे जगतात.

या व्यवस्थेची दुर्बलता कर्जात होती. १८७५ मध्ये तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला व लवकरच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला. याच सुमारास खडकवासला धरण पूर्ण होऊन मुठा उजवा कालवा पाटसच्या परिसरापर्यंत आला. दुष्काळनिवारण हा त्याचा एक हेतू होता. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी ओलीवरच पिकत असल्याने पाणीपट्टी भरण्यास शेतकरी राजी नसे आणि अवर्षणात मात्र सर्वांचीच मागणी एकदम येई. वर्षभर पाणी घेणारा उसाचा मळा कालव्याच्या हिशेबास सोयीचा ठरला. कालव्याखालील गाव आणि कोरडे गाव यांतील अंतर तेव्हापासून वाढत गेले.

कोरड्या गावाचे शास्त्रीय परीक्षण हॅरल्ड मान व ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक येथे केले. ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मान यांचा पहिला अभ्यास पुण्याजवळील पिंपळे सौदागरचा होता. शहरापासून दूर व पावसावर विसंबून असलेले गाव म्हणून जातेगावची निवड झाली. पुढे कानिटकर कोरडवाहू संशोधनाकडे वळले. मांजरी येथे १९२३ मध्ये हे काम सुरू झाले व १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे केंद्रे निघाली. त्यांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ सिद्ध झाली : बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी, कमी बियाणे व वारंवार कोळपणी. पद्धती निर्दोष असली, तरी तिचा प्रसार मंद झाला. तिला लागणारे बैलबळ व खत मोठ्या शेतकऱ्याकडेच असे, आणि नापिकीच्या वर्षाचा तोटा सोसण्याची ऐपत इतरांना नव्हती.

१९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमानंतर बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. मध्यम खोलीच्या जमिनीत समपातळी बांध उपयुक्त ठरले. परंतु खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरत असल्याने बांधामागे ते तुंबून पीक उपळे किंवा बांध फुटे. जमिनीच्या खोलीप्रमाणे उपाय बदलला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला व सोलापूर हे त्याचे एक केंद्र झाले.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांची कामे निघाली. रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून अंमलात आला. तांत्रिक कामांबरोबर पाण्याच्या वाटपाचा प्रश्न शेजारच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी हाती घेतला. १९७४ मध्ये त्यांनी देवस्थानची सु. ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन पाणलोट विकासाचा प्रयोग केला. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी अर्धा एकर या मापाने, कुटुंबास कमाल अडीच एकरांपर्यंत दिले जाई. भूमिहीनांनाही हक्क असे व ऊस वर्ज्य होता. दौंडच्या उसाच्या पट्ट्यात हा नियम रुजला नाही. तो रुजण्याजोगे हितसंबंधही तेथे नव्हते, हे मान्य करावे लागेल.

हवामानबदलामुळे या जुन्या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर अतिवृष्टी होण्याच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. थोड्या तासांत पडलेले पाणी उतारावरून माती घेऊन वाहते, मुरत नाही. म्हणून रानातच ओल धरणारी सरी-वरंब्यांची व चौकोनी वाफ्यांची रचना पेरणीपूर्वी करण्याची शिफारस केली जाते. मोहोळ येथे निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण अद्याप लोकप्रिय आहे; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या, मध्यम व भारी जमिनींसाठी वेगवेगळे वाण दिले आहेत. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अवर्षण, उष्णता व उथळ जमीन यांचा पिकांवरील ताण अभ्यासते. तिचे प्रक्षेत्र कुरकुंभच्या माळासारख्याच खडकाळ बरडावर उभे आहे.