कल कुणी ठरवायचा?

माझ्या पुतणीने २०१६ साली, दहावीच्या वर्षी, राज्य मंडळाची कल चाचणी दिली. अहवाल घेऊन ती कामथडीला घरी आली आणि म्हणाली, "आप्पा, मला गणवेशधारी सेवा आली." ती खुशीत होती. मी मात्र तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो.

आमच्या गावाहून कापूरहोळ, नारायणपूर करीत गेले की सासवड लागते. विसावे शतक उजाडताना तिथे शिवराम जानबा कांबळे यांनी गावोगावच्या महारांना एकत्र केले. १९१० साली अर्ज थेट भारतमंत्र्याकडे गेला. मागणी काय? सैन्यात घ्या, पोलिसात घ्या. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांची नावे स्तंभावर कोरली गेली, त्यांच्या वंशजांना ही मागणी करावी लागली. कारण १८९० च्या दशकात इंग्रजांनी लढाऊ आणि बिनलढाऊ अशी जातींची वाटणी पक्की करून महारांची भरती बंद केली. तीही अभिक्षमता चाचणीच म्हणायची. फक्त प्रश्नपत्रिका नव्हती. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभारली, १९२१ ला मोडली, आणि १९४१ ला महार रेजिमेंट पुन्हा उभी केली. चोवीस वर्षांत एका जातीचा कल तीनदा बदलला काय? बदलली ती सरकारची गरज.

हीच गोष्ट शास्त्राच्या नावानेही झाली. अमेरिकेत कार्ल ब्रिगॅमने सैन्यातल्या चाचण्यांचे आकडे घेऊन १९२३ साली वंशांची बुद्धीनुसार उतरंड रचली. त्यानेच घडवलेली सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा १९२६ ला सुरू झाली. १९३० साली त्याने आपली वंशतुलना निराधार असल्याचे स्वतःच छापून कबूल केले. परीक्षा चालूच राहिली.

तरी चाचणी या कल्पनेलाच माझा विरोध नाही. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली जातीवर ठेवलेला एक आरोप हाच होता, की तिने कामे वाटताना माणसाची उपजत योग्यता पाहिली नाही, आईबापांची पायरी पाहिली. येसकराच्या पोराला 'तुला काय आवडते?' असे या मुलखात कुणी विचारले होते? २०१६ साली निदान विचारले गेले.

पण कल म्हणजे आवड आणि अभिक्षमता म्हणजे कुवत. आणि आवड पाहिलेल्या गोष्टीचीच लागते. मी पुतणीला विचारले, "तू नोकरी करणारी कोणकोणती माणसे जवळून पाहिलीस?" मामा पोलिसात, एक चुलता मिलिटरीत, बाकीचे हायवेवरच्या हॉटेलात, नाहीतर शिरवळच्या कंपनीत कंत्राटी. प्रयोगशाळेत काम करणारी बाई तिने कधी पाहिलीच नव्हती. मग ती खूण कुठे करणार?

कांबळ्यांच्या अर्जाची हकीकत मी तिला सांगितली. तिने ती मन लावून ऐकली. मग अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पोलीस भरतीला मुलींना उंची किती लागते, ते विचारून गेली.