तंजावूरचे गद्य आणि नवोदित कादंबरीकार

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत एक अडचण नोंदविली आहे. आपल्या समाजाच्या नित्य जीवनात, विशेषतः येथील विवाहपद्धतीमुळे, वाचकास रंजक वाटावे असे फारसे घडत नाही. सबब लेखकास अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. कादंबरीलेखनास प्रथमच प्रवृत्त होणाऱ्यापुढे हाच प्रश्न आजही उभा राहतो : नित्याच्या तपशिलाचे कथानक कसे व्हावे? या प्रश्नाचा विचार करताना तंजावूरच्या भोसले दरबारातील गद्याकडे वळणे उपयुक्त ठरते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अर्धशतक आधी, दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीत (१७९८–१८३२), येथे तपशिलाच्या निवडीची तीन निरनिराळी तत्त्वे आढळतात.

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेले भोसले वंशाचे चरित्र हा पहिला नमुना होय. बाबूराय चिटणीस यांनी लिहिलेल्या या विस्तृत मराठी लेखात घटनांची निवड वंशाची परंपरा सिद्ध करण्यासाठी झालेली आहे. दुसरा नमुना ‘बालबोध मुक्तावली’ हा. सख्खन पंडितांनी केलेले इसापच्या कथांचे हे भाषांतर १८०६ साली तंजावूरच्याच छापखान्यात मुद्रित झाले. येथे निवड तात्पर्यासाठी होते. कथेतील पात्र तात्पर्य हाती लागताच संपते. दोन्ही ठिकाणी शेवट आधी ठरलेला असतो आणि पात्रास स्वतःचा निर्णय घेण्यास वाव उरत नाही.

तिसरा नमुना वेगळा आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राज्यातील छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आपल्या व्यवस्थेखाली राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटकडे निवेदन पाठविले. छत्रांत वाटसरूंना अन्न कसे मिळते, आजाऱ्यांवर उपचार कसे होतात, गर्भवतींची काळजी कशी घेतली जाते, अनाथ मुलांचे संगोपन आणि मृतांचे अंत्यसंस्कार कसे होतात, हे त्यात सांगितलेले आहे. हा सर्व तपशील रोजचाच आहे. तरीही तो वाचकास धरून ठेवतो, कारण तो गमावण्याची भीती सांगणाऱ्याच्या मनात आहे आणि ऐकणाऱ्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

रिसबुडांच्या अडचणीचे उत्तर येथे सापडते. नित्याच्या जीवनात घटनांची वाण नसते. उणीव असते ती त्या तपशिलाशी कोणाचे तरी हित निगडित असल्याच्या जाणिवेची. म्हणून दफ्तरे धुंडाळणाऱ्या नवोदित लेखकाने वेचक नोंदींची रास रचण्यापेक्षा प्रत्येक नोंदीस दोन प्रश्न विचारावेत : हे कोणास हवे आहे, आणि ते कोणाच्या हातून निसटू शकते? ज्या नोंदीस उत्तर मिळत नाही, ती कितीही दुर्मीळ असली तरी वगळावी. ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात सरफोजींनी कुरवंजीच्या मुखाने जगाचा भूगोल वदविला. शिक्षणाच्या हेतूस ते साजेसे होते; कादंबरीतील पात्राने मात्र लेखकाची टिपणे वाचून दाखवू नयेत.

दुसरी गोष्ट वाचकाची. गद्य, भाषांतर आणि मुद्रण ही तिन्ही साधने हाती असूनही तंजावूरात मराठी कादंबरी उदयास आली नाही. साधनांचा आश्रयदाता दरबारच होता. त्याच्याबाहेर मराठी ग्रंथ विकत घेऊन वाचणारा वर्ग तमिळभाषी प्रदेशात मर्यादितच राहणार होता. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुरुषवारसाविना निवर्तले, राज्य कंपनीने खालसा केले आणि अवघ्या दोन वर्षांत ‘यमुनापर्यटन’ महाराष्ट्रातील नव्या वाचकांसमोर आले. मराठी कादंबरीचा उगम केवळ इंग्रजी नमुन्यांच्या परिचयात शोधणाऱ्या अभ्यासकाने हा क्रम ध्यानी घ्यावा : इसाप युरोपातून तंजावूरात पोहोचला होता, वाचकवर्ग मात्र भाषांतरित करता येत नव्हता. नवोदित कादंबरीकारानेही पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी आपण कोणासाठी लिहितो आहोत, हे निश्चित करावे.