कानोमास्तरांची तालीम

इथल्या आपल्या मराठी कुटुंबांतली बरीच मुले शनिवारी सकाळी ज्युदोच्या वर्गाला जातात. ‘स्वसंरक्षणाला बरे’ एवढेच कारण आपण पालक एकमेकांना सांगतो. माझी मुलगीही जाते. पहिले काही आठवडे ती रोज एकच सांगायची, ‘बाबा, आजही पडायलाच शिकवलं.’ फी भरून पडायला काय शिकायचे, या कुतूहलाने मी वाचू लागलो आणि एका शाळामास्तराच्या प्रेमात पडलो.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा, कोबेजवळच्या मिकागेचा. घराणे साके गाळणाऱ्यांचे. मूर्ती किरकोळ, त्यामुळे शाळेत दांडगी मुले छळत. तोक्योला विद्यापीठात शिकताना ते जुजुत्सु शिकवणारा वस्ताद शोधू लागले. काळ मोठा विचित्र होता. सामुराईंच्या तलवारी नुकत्याच गेल्या होत्या, नव्या जपानला सगळे पाश्चात्त्य हवे होते, आणि जुन्या तालमींचे कित्येक वस्ताद हाडे बसवून पोट भरत होते. (आपल्याकडच्या तालमीतले वस्तादही हाडे बसवीतच की!) कानोंचे पहिले गुरू फुकुदा हाचिनोसुके त्यांपैकीच.

१८८२ मध्ये कानोंनी तोक्योच्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या जागेत स्वतःची शाळा काढली. तिचे नाव कोदोकान. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. आपटाआपटीने देवळाची जमीन हादरते म्हणून तिथल्या भिक्षूची तक्रार असे. घातक डाव कानोंनी मोकळ्या झुंजीतून वगळले आणि नावही बदलले. ‘जुत्सु’ म्हणजे कसब, त्याजागी ‘दो’ म्हणजे मार्ग आला. मला वाटते, सगळे काही या एका अक्षरात आहे.

‘जु’ म्हणजे मृदू, नमणारे. कानो ते गणिताने समजावीत. समजा, समोरच्याचे बळ दहा आणि माझे सात. मी त्याला सरळ रेटले तर हरणारच. पण तो रेटत असताना मी तेवढाच मागे सरलो तर त्याचा तोल जातो आणि त्या क्षणी त्याचे बळ तीनावर येते. माझे सात शाबूत. ही तोल ढळवण्याची क्रिया म्हणजे कुझुशी. पण कानो तिथे थांबले नाहीत. कोणी मागून कवळा घातला तर नमायचे कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. म्हणून पुढे त्यांनी व्यापक तत्त्व मांडले की शरीर आणि मन यांच्या शक्तीचा जास्तीत जास्त सार्थ वापर करावा. आणि त्याला जोड दिली ती स्वतःचे व दुसऱ्याचे भले एकत्र साधण्याची. हे दुसरे ऐकायला पोथीतले वाटते, पण जोडीदार पडायला तयार नसेल तर फेक शिकणार कशी? आणि त्याला सुखरूप पडता येत नसेल तर तो दुसऱ्या दिवशी येईल कशाला? म्हणून आधी पडणे.

कानो हाडाचे शिक्षक. शिक्षकांच्या महाविद्यालयाचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सभासद झाले, आणि मे १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच वारले. युद्धकाळात त्यांची विद्या लष्करी कवायतीला जुंपली गेली ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. पराभवानंतर अमेरिकी अंमलात शाळांतून ज्युदोला बंदी झाली. तेव्हा शोहाची इशी नावाचा एक ज्युदोचा विद्यार्थी कुस्तीकडे वळला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटाचे सुवर्णपदक त्याने जिंकले. त्याच गटात कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव इशीकडूनच हरले होते. कोदोकानची ओळख महाराष्ट्राला अशी नकळत झाली म्हणायची.

१९६४ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो प्रथमच आला. तीन वजनगटांची सुवर्णपदके जपानने जिंकली, पण मान होता खुल्या गटाचा. त्याच्या अंतिम झुंजीत नेदरलँड्सच्या धिप्पाड आंतोन खेसिंकने अकिओ कामिनागाला जमिनीवर तीस सेकंद दाबून धरले आणि सभागृह सुन्न झाले. लहानाने मोठ्याला नमवण्याची विद्या, आणि जिंकला अजस्र परदेशी! मला मात्र पुढचे दृश्य महत्त्वाचे वाटते. हर्षाने मैदानात धावणाऱ्या आपल्याच देशबांधवांना खेसिंकने हात उंचावून थोपवले, आणि मग रीतसर वाकून प्रतिस्पर्ध्याला वंदन केले. कानोंची शाळा परदेशात पोहोचली होती, निदान त्या घटकेला तरी.

याच खेसिंकने पुढे प्रेक्षकांच्या सोयीसाठी एका स्पर्धकाला निळा पोशाख द्यावा असे सुचवले आणि जपानी मंडळी दुखावली. त्यांच्या लेखी पांढरा तो पांढराच. १९९७ मध्ये निळा मंजूर झाला आणि आता ऑलिंपिकमध्ये तोच दिसतो. अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत मात्र आजही दोघे पांढऱ्यातच उतरतात. ओळखू यावेत म्हणून एकाच्या कमरेला लाल पट्टा बांधतात.